दुसरी खेप

हॅल्वरचा उजवा पाय आणि घरातलं शेवटचं खेचर एकाच महिन्यात गेलं. त्यातलं दुःख त्याला कशाचं जास्त झालं, हे विचारायची त्याच्या बायकोची, व्हर्नाची छाती झाली नाही. पाय साखरेने गेला, गुडघ्याखालून कापावा लागला. खेचर म्हातारपणाने गेलं. दवाखान्यातून सुटल्यावर हॅल्वर आधी घरात आला नाही. कुबड्यांवर पागेत गेला, रिकाम्या गव्हाणीकडे बघत उभा राहिला आणि मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "चला, दोघंही एकदमच निवृत्त झालो."

ते मे महिन्यात. आता ऑक्टोबर उजाडला होता. माथ्यावर पहिला बर्फ दिसत होता आणि एल्कची शिकार तोंडावर आली होती. आमच्या मोंटानातल्या या खोऱ्यात शिकार म्हणजे हौस नाही. घोड्याएवढं ते हरीण, एक नर मिळाला की घराचा हिवाळा निघतो. म्हणून ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी, चर्चमधून आल्यावर, हॅल्वर ओडेगार्डच्या जेवणाच्या टेबलावर सगळं ठरतं. कोण जाणार, तंबू कुठे पडणार, कोणतं खेचर पुढे चालणार. यंदा खेचरच नव्हतं. वर जायचं ते कशात बसून, एवढा एकच प्रश्न होता, आणि तो विचारायला कुणी तयार नव्हतं.

व्हर्नाने भाजलेल्या मांसाचं ताट ठेवलं, बटाटे ठेवले, हॅल्वरच्या आवडीची बटाट्याची पातळ लेफ्सा भाकरी लोणी-साखर लावून गुंडाळून त्याच्या पुढ्यात सरकवली. त्याने ती परत सरकवली. त्याला साखर वर्ज्य होती म्हणून नव्हे. एरवी वर्ज्य असूनही तो ती चोरून खायचा. हल्ली तो चोरूनसुद्धा खात नव्हता, आणि व्हर्नाला तीच काळजी होती.

"बाबा, मी माझी पिकअप आणलीये," जोलीन म्हणाली. ती त्याची मुलगी, मिझूलाच्या मोठ्या दवाखान्यात परिचारिका. घरात पाऊल टाकलं की आधी बापाचा पाय बघायची, मग बापाला. "चार दारांची आहे. आतून गरम. बाकसुद्धा गरम होतात."

"गरम बाकावर बसून शिकार?" हॅल्वर म्हणाला. "मग मी इथे चुलीपाशीच बसतो. एल्कला चहाला बोलवा."

"तुमच्या पायामुळे सरकारने परवानगी दिलीये गाडीतून गोळी झाडायची."

"सरकारने दिलीये. माझ्या बापाने नाही दिलेली."

रस्त्यात गाडी थांबवून खिडकीतून बंदूक काढणाऱ्याला आमच्या खोऱ्यात शिकारी म्हणत नाहीत. जे म्हणतात ते रविवारी उच्चारण्यासारखं नाही. हॅल्वरने ते जन्मभर मोठ्या आवाजात म्हटलं होतं, आणि आता परवानगीचं कार्ड त्याच्याच खिशात होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कोपऱ्यात त्याचा नवा लाकडी-प्लास्टिकचा पाय उभा होता आणि त्या पायात त्याने स्वतःच्या हाताने शिकारीचा बूट चढवून नाडी बांधून ठेवली होती. व्हर्नाने तो बूट रोज पाहिला होता आणि कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"पिकअप तिसऱ्या फाटकापर्यंत जाईल," कर्ट म्हणाला. थोरला मुलगा, रँच आता तोच बघतो. "पुढे कडा आणि पाइनच्या मधून वाट आहे ती एका खाटेएवढी. खेचरांसाठी केलेली. पुढे जायचं तर..." त्याने काटा खाली ठेवला. "अरुंद गाडी लागेल."

टेबलावर सगळे एकदम आपापल्या ताटात बघू लागले. फक्त मार्नीने मान वर ठेवली. मार्नी म्हणजे धाकट्या डेलची बायको. डेल जाऊन नऊ वर्षं झाली, पण ती ओढ्यापलीकडच्या छोट्या घरातच राहिली, शाळेची बस चालवते, आणि दर हिवाळ्यात डेलच्या जागी मांसाचं ओझं पाठीवर घेऊन उतरते.

"नाव घेतलंस तरी चालेल, कर्ट," ती म्हणाली. "डोंगरात चालवायची ती मोटार-बग्गी. गवताच्या गंजीमागे ताडपत्रीखाली लपवलीयेस ती. गुरुवारपासून आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"बसचा बाक उंच असतो. मला सगळ्यांच्या गंजीमागचं दिसतं."

कर्टचे कान लाल झाले. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची लहानपणापासूनची खोड. व्हर्नाही गप्प राहिली, कारण ताडपत्री तिनेच शोधून दिली होती.

"या घरात?" जोलीनचा आवाज चढला. "डेल ज्या यंत्राखाली गेला तसलंच यंत्र तू या अंगणात आणलंस? आणि तेसुद्धा मार्नीच्या डोळ्यांदेखत?"

"तीन दिवसांच्या बोलीवर आणलीये. आवडली नाही तर परत. आणि तू वर्षातून दोनदा येतेस, तू मला अंगण शिकवू नकोस."

"मी येते तेव्हा बाबांचं ड्रेसिंग बदलते. तू काय बदलतोस?"

"पुरे," हॅल्वर म्हणाला. मोठ्याने नाही. या घरात त्याला मोठ्याने बोलावं लागत नसे. "यंदा ओझं कोण वाहणार?"

कर्टच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं, जोलीन कधी वर गेलीच नव्हती. हॅल्वरने आपल्या पायाकडे पाहिलं आणि मग सुनेकडे.

"मी," मार्नी म्हणाली.

"मग ठरवणार मार्नी."

हे हॅल्वरच्या बापाने घालून दिलेलं. तो नॉर्वेहून आला तेव्हा त्याच्याकडे ना जमीन होती ना बंदूक, लोकांनी मारलेली जनावरं तो पाठीवरून खाली आणायचा. त्यातून दोन गोष्टी या घराला चिकटल्या. एक, जो ओझं वाहील तो ठरवील. वय, पैसा, मान, काही चालणार नाही. दुसरी त्याची फुशारकी होती, आणि ती पुढे घरातली म्हणच झाली: ओडेगार्ड दोनदा जात नाहीत. एका खेपेत सगळं जनावर खाली. शेजारचे दोन खेपा करत, आणि ओडेगार्डांची पोरं कुंपणावर बसून त्यांना हसत. पहिली गोष्ट चांगली होती.

हॅल्वर कुबड्या टेकत आतल्या खोलीत गेला. त्याची लेफ्सा तशीच राहिली.

जोलीनने बाह्या वर केल्या आणि मार्नीच्या शेजारी उभी राहून ताटं पुसू लागली. तिला वाटत होतं की निदान ही एक तरी आपल्या बाजूची आहे. डेलच्या अंत्यविधीला मार्नी तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून बसली होती.

"तू फक्त पिकअप म्हण," ती हळू आवाजात म्हणाली. "बाकीचं मी बघते. सकाळी मी त्यांना घेऊन जाईन, तिसऱ्या फाटकाशी गाडी लावीन, थर्मास, गोळ्या, पांघरूण, सगळं. दुपारी परत."

"तिसऱ्या फाटकाशी एल्क येतात का, जोलीन?"

जोलीनने ताट पुसून पुन्हा पुसलं.

"दिवसा नाही येत," मार्नी म्हणाली. "तुला माहितीये."

"हो, माहितीये." जोलीनला वाटलं होतं तसं खोटं बोलता आलं नाही. "नाही येत, म्हणूनच तिथे. ते बसतील, बघतील, कंटाळतील, घरी येतील. मला ते घरी यायला हवेत, मार्नी. त्या दुसऱ्या पायाचा अंगठा मी सकाळी पाहिला. आईला नाही सांगितलं. वर थंडीत तीन रात्री काढल्या तर तोही पाय जाईल. तुम्ही सगळे शिकारीचं बोलता. मी रोज अशा म्हाताऱ्यांची बोटं मोजते."

"म्हणजे त्यांना फाटकाशी बसवून ठेवायचं. बसथांब्यावर बसवतात तसं."

"जिवंत माणसाला बसवून ठेवलेलं बरं." मग तिने बोलायचं नव्हतं ते बोलून टाकलं. "तुला तरी हे कळायला हवं. त्या यंत्राने आपल्या डेलला मारलं."

मार्नीने नळ बंद केला. ती हात पुसून कोट घेऊन बाहेर गेली, आणि जोलीनला कळेना की आपण तिला जिंकलं की गमावलं.

बाहेर कर्टने ताडपत्री काढली होती. लपवायचं उरलंच नव्हतं. दोन बाकांची उघडी बग्गी, वर लोखंडी पिंजरा, मागे सामानाचा छोटा हौदा. हिरवी, धूळसुद्धा न बसलेली. कर्ट तिच्याकडे न बघता टायरमधली हवा तपासत होता. हवा नीटच होती.

मार्नी येताना दिसल्यावर तो टायर सोडून उभा राहिला. डेल गेला त्या संध्याकाळी तो वर होता, बाबा वाटेने थोडे पुढे उतरले होते. डेलने मोठा नर पाडला होता, कापून झाला तोवर ऊन गेलं होतं, बर्फ भुरभुरत होता. चारही पाय, मान, फासळ्या, वर डोकं आणि शिंगं. कर्ट म्हणाला होता, अर्धं झाडाला टांगू, उद्या येऊ. डेल हसला होता. काय म्हणून हसला ते या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मग तो एकटा बग्गी घेऊन आडव्या उतारावरून निघाला, आणि कर्ट बंदुका घेऊन मागून चालत.

"तुझ्या डोळ्यांसमोर आणायला नको होती," तो म्हणाला. "पण दुसरं काय करू ते सांग. आठ दिवस झाले, बाबा रोज बंदूक पुसतात. स्वच्छ बंदूक. आणि जेवत नाहीत. फाटकाशी बसवलं तर तिथेच संपतील ते. अंगठ्याने नाही, शरमेने."

"जोलीनने तुला अंगठ्याचं सांगितलं?"

"मी रोज मोजे घालतो त्यांना. मी काय बदलतो विचारत होती ना? मोजे बदलतो."

मागून व्हर्ना आली. तिने अंगावर हॅल्वरचा जुना कोट घातला होता आणि हातात कॉफीचे दोन मग होते. एक तिने मार्नीला दिला, दुसरा कर्टला न देता स्वतःच धरून ठेवला.

"पोरी, मी सांगत होते की असलं यंत्र पुन्हा या घरात दिसलं तर मी कुऱ्हाड घालीन," ती म्हणाली. "अजूनही घालीन. पण आधी त्याला एकदा वर नेऊन आण. मग घालीन."

"आई, तूसुद्धा?" दारात जोलीन उभी होती. चर्चचे बूट, हातात तसाच ओला टॉवेल.

"मी त्याच्याबरोबर पंचावन्न वर्षं काढलीयेत. तू त्याचा पाय बघतेस. मी त्याचं तोंड बघते."

आता तिघंही मार्नीकडे बघत होते. मार्नीला एकदम राग आला. नऊ वर्षं या माणसांनी तिला सांभाळलं होतं, लाकडं फोडून दिली होती, नाताळला बोलावलं होतं, आणि एकदाही त्या संध्याकाळचं तिच्यासमोर काढलं नव्हतं. आज काढलं ते आपापल्या सोयीसाठी.

"तुम्हाला सगळ्यांना माझं मत हवंय," ती म्हणाली, "पण ते तुमच्याच मनातलं हवंय. एकीला तिचं, दुसऱ्याला त्याचं. खेचर घेताना या घरात काय करायचे?"

कर्टने डोळे मिचकावले. "लादायचे आणि उतारावर न्यायचे."

"मग?"

चढ कुणीही चढतं, उतारावर पारखावं, अशी ओडेगार्डांची रीत. खेचर विकणारा ते डोंगर कसं चढतं ते दाखवायचा. हॅल्वर त्याच्याकडे ढुंकून बघायचा नाही. पाठीवर पूर्ण ओझं चढवायचा आणि कोठारामागच्या आडव्या उतारावरून खाली न्यायचा. तिथे ज्याचे पाय लटपटले नाहीत ते खेचर घरात यायचं.

"बार्लीची पोती काढ," मार्नी म्हणाली. "एका नराच्या वजनाची. आणि जोलीन, बाबांना त्यांचा पाय घाल. ते माझ्या शेजारी बसतील."

"तू त्यांना घेऊन..."

"शिकारीला मी रिकामी गाडी घेऊन जाणार नाहीये."

हॅल्वर आला तेव्हा शिकारीचा बूट घातलेला नवा पाय घालूनच आला. जोलीनने तो घालून दिला होता, ओठ घट्ट मिटून. बग्गीपाशी त्याने हौदा हाताने दाबून पाहिला, पोत्यांची दोरी ओढून पाहिली, एक गाठ सोडून पुन्हा बांधली. मग मार्नीकडे बघून विचारलं, "नक्की?"

"बसा, बाबा. पट्टा लावा."

वर जाताना बग्गीने काहीच कुरकुर केली नाही. मार्नीला ती आवडू लागली, आणि आवडते आहे याची तिला चीड आली. सेजच्या झुडपांमधून वळसा घेऊन ती दोघं कोठारामागच्या टेकडीच्या माथ्यावर पोहोचली. खाली कोठाराचं छप्पर, धूर, अंगणात तीन माणसं. हॅल्वर शेजारी ताठ बसला होता, दोन्ही हात काठीवर.

"आता आडवं," तो म्हणाला.

तिने उतार आडवा घेतला. डोंगराची बाजू तिच्या डावीकडे, दरीची त्याच्याकडे. पहिला टप्पा नीट गेला. मग मातीखालून एक खडक वर आला, डावं चाक त्यावर चढलं, आणि मागची पोती बारीकशी सरकली. किती, तर हातभरसुद्धा नाही. पण डावीकडचं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं आणि हवेत हळूहळू फिरत राहिलं. मार्नीने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण स्थिर झाली नाही.

"हलू नका," ती म्हणाली.

"नाही हलत."

खालून कर्टची आरोळी ऐकू आली. तो धावत निघाला होता, आणि त्याच्या मागे जोलीनही.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी मार्नी खाली गाडीपाशी कॉफी घेऊन थांबली होती. बग्गीचा आवाज येत होता, जवळ येत होता. मग थांबला. तिला वाटलं होतं, डेल फाटक उघडायला उतरला. तिने कॉफी ओतूनही ठेवली होती.

"बाबा," ती समोर बघत म्हणाली. "यंत्राने नाही मारलं त्याला."

हॅल्वर दरीकडे बघत राहिला.

"नऊ वर्षं आपण यंत्राला शिव्या देतोय, कारण यंत्राला वाईट वाटत नाही. यंत्र आत्ता करतंय तेच तेव्हा करत होतं. सांगत होतं की जास्त झालंय. त्याला ऐकायचं नव्हतं. अर्धं टांगून ठेवून तो दुसऱ्या दिवशी गेला असता, तर या घरात त्याला काय म्हणाले असते?"

कर्ट धापा टाकत पोहोचला आणि वरच्या बाजूच्या लोखंडाला लोंबकळला. त्याच्या पाठीला ते झेपणारं नव्हतं. जोलीन आली, तिने चर्चचे बूट मातीत रोवले आणि भावाच्या शेजारी त्याच लोखंडाला धरून सगळं अंग मागे टाकलं. चाक खाली आलं, जमिनीला टेकलं.

"पोती सोडू का?" कर्टने विचारलं.

"दोरी सोडलीस तर सगळी एका बाजूला जातील," हॅल्वर म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "'दोनदा जात नाहीत', ते वाक्य माझ्या बापाचं. पण त्याच्याकडे ना खेचर होतं ना गाडी, दुसऱ्या खेपेचे पैसे कुणी देत नव्हतं, म्हणून तो दोनदा जात नसे. आम्ही त्याची ऐट केली. डेलला ते मी शिकवलं. कुंपणावर बसवून शिकवलं."

"बाबा, असं नका..." जोलीन म्हणाली.

"खरं आहे ते. बोलू दे त्यांना," कर्ट म्हणाला. त्याचे डोळे गच्च मिटलेले होते, वजनामुळे की कशामुळे कुणी पाहिलं नाही.

"मला उतरव," हॅल्वर मार्नीला म्हणाला. "वरच्या बाजूने. ओझं ने, आणि मग माझ्यासाठी ये."

"नाही. आधी माणूस, मग मांस. वरही तसंच करायचं."

"वर तसंच. आज असं." त्याने प्रथमच तिच्याकडे मान वळवली. "तू थांबली होतीस. आज मी थांबतो."

मार्नी वरच्या बाजूने उतरली, लोखंडाला धरून राहिली, आणि हॅल्वर तिच्या बाकावरून सरकत, नवा पाय दोन्ही हातांनी उचलत, बाहेर आला. जोलीनने एका हाताने त्याचा कोट पकडला होता. तो उतारावर बसला आणि त्याने काठीने खाली इशारा केला.

"जा तिच्याबरोबर. वरच्या बाजूने चाला दोघं. मी पळून जात नाही."

बग्गी हळूहळू निघाली. एका बाजूला कर्ट आणि त्याच्या मागे जोलीन, हात लोखंडावर. भांडत नव्हती. ती उताराच्या वळणाआड गेली आणि दिसेनाशी झाली. मग नुसता आवाज राहिला.

हॅल्वर ऐकत बसला. आवाज खाली जात होता, कोठाराकडे वळला असावा, मग सपाटीवर आल्यासारखा मोकळा झाला. आणि थांबला.

पोती उतरवतायत, तो स्वतःशी म्हणाला. दुसरं काही नाही. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. तरी त्याची काठीवरची बोटं आवळली. वाऱ्याने झुडपं हलत होती आणि खालून काहीच ऐकू येत नव्हतं. इथे बसून उठताही येत नव्हतं, खाली बघताही येत नव्हतं. त्याने स्वतः डेलला शोधलं होतं, गाडी बाजूला करून बाहेर काढलं होतं, आणि आपण जे सोसलं ते कुणी सोसलं नाही असं नऊ वर्षं मानलं होतं. खाली उभं राहून ऐकणारीचा विचार त्याने कधी केला नव्हता. त्याने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

इंजिन पुन्हा सुरू झालं. हॅल्वरने तोंड बाहीने पुसलं. आवाज चढू लागला, वळसा घेऊन, माथ्याकडून. रिकामी बग्गी हलकी येत होती. मार्नी एकटीच होती. त्याच्यापासून थोडं वर तिने गाडी डोंगराकडे तोंड करून लावली, उतरली, आणि हात पुढे केला. तो धरून तो उठला, पण लगेच निघाला नाही.

"काय ठरलं?" त्याने विचारलं.

"हीच घ्यायची. मी चालवणार. रात्री कुणी वर राहायचं नाही, रोज अंधाराआधी घरी, अंगठा जोलीन बघणार. ती आठवडाभर थांबतेय. आणि काही मिळालं तर दोन खेपा. लहान जनावर असलं तरी दोन. 'एका खेपेत' असं तोंडातून निघालं तर तुम्हाला फाटकाशी पिकअपमध्ये बसवीन. बाक गरम करून."

"ठीक आहे."

"लोक हसतील."

"हसू दे." तो तिचा हात धरूनच होता. "मार्नी, त्या दिवशी तू किती वेळ थांबलीस?"

हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"आवाज थांबल्यावर? तुम्ही चालत खाली येईपर्यंत," ती म्हणाली. "तुम्ही दिसलात तरी मी मागे बघत होते. म्हटलं, दुसऱ्या खेपेत येतोय तो."

हॅल्वरने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मार्नीने त्याची टोपी उचलली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

"बसा, बाबा," ती म्हणाली. "खाली सगळे थांबलेत."